घरच्या ध्वनिव्यवस्थेसाठी रिसीव्हर निवडताना

भिंतीवरचा दूरचित्रवाणी संच जसजसा पातळ होत गेला, तसतसा त्याचा आवाजही पातळ होत गेला. पडदा ५५ किंवा ६५ इंचांचा आणि स्पीकर मात्र तळहाताएवढे, अशी आज असंख्य घरांची स्थिती आहे. ज्येष्ठ मंडळींना संवाद नीट कळत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी पार्श्वसंगीताने किंवा जाहिरातीने घर दणाणून जाते. अशा वेळी घरात स्वतंत्र ध्वनिव्यवस्था बसवण्याचा विचार पुढे येतो. स्पीकर कोणते घ्यावेत, हे ग्राहक निदान कानांनी ऐकून ठरवू शकतो. त्या स्पीकरना चालवणारा, सर्व उपकरणांना एकत्र बांधणारा रिसीव्हर मात्र बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या खोक्यावरील आकडे वाचूनच घेतला जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एखादी फेरी मारली, तर वॉट, वाहिन्या आणि चिन्हे यांचा जो भडिमार होतो, त्यात नेमके काय पाहावे आणि कशाकडे दुर्लक्ष करावे, हे आधी माहीत असणे हिताचे ठरते. कारण येथे झालेली चूक पुढे आठ-दहा वर्षे घरात मुक्कामाला राहते.

रिसीव्हर म्हणजे काय?

रेडिओ केंद्र पकडणारा ट्यूनर आणि आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर ही दोन यंत्रे एकाच पेटीत आली, त्या पेटीला पाश्चात्त्य देशांत 'रिसीव्हर' हे नाव पडले. अमेरिकेत १९६१ साली एफएम वाहिन्यांवर स्टिरिओ प्रसारण सुरू झाले आणि अशा पेट्यांना घरोघरी स्थान मिळाले. भारतात एफएम प्रसारणाचा आरंभ १९७७ साली तत्कालीन मद्रासमध्ये झाला आणि खासगी एफएम केंद्रे २००१ पासून सुरू झाली. त्यामुळे रेडिओभोवती उभा राहिलेला रिसीव्हर आपल्याकडे फारसा रुजला नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१ मध्ये उठले. त्यानंतर होम थिएटरच्या लाटेबरोबर हा शब्द मराठी घरांत आला, तो 'एव्ही रिसीव्हर' या अर्थाने.

एव्ही रिसीव्हर पाच कामे करतो. सेट-टॉप बॉक्स, डिस्क प्लेअर, संगणक, खेळयंत्र अशा स्रोतांतून हवा तो निवडणे. चित्र दूरचित्रवाणी संचाकडे पाठवणे. सांकेतिक रूपात आलेला ध्वनी उलगडून वेगवेगळ्या वाहिन्यांत वाटणे. खोलीच्या गुणदोषांप्रमाणे त्यात दुरुस्ती करणे. आणि अखेरीस तो ध्वनी स्पीकर हलवण्याइतका शक्तिमान करणे. ज्यांना केवळ संगीत ऐकायचे आहे, त्यांच्यासाठी दोनच वाहिन्यांचा स्टिरिओ रिसीव्हर किंवा 'इंटिग्रेटेड अॅम्प्लिफायर' हा वेगळा प्रकार आहे. आपली गरज यांपैकी कोणती, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर न ठरवता दुकानात जाणारा ग्राहक विक्रेत्याच्या उत्तरावर समाधान मानतो.

वॉटच्या आकड्यांचे गौडबंगाल

सर्वाधिक फसगत होते ती वॉटच्या आकड्यांत. स्वस्त संचांवर पूर्वी हजारो वॉटचे 'पीएमपीओ' आकडे छापलेले असत. काही ठिकाणी ते आजही दिसतात. या आकड्याला कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही, म्हणून तो विचारातच घेऊ नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अॅम्प्लिफायरच्या शक्तीविषयीच्या जाहिरातींसाठी १९७४ सालीच नियम केला आणि २०२४ मध्ये त्यात सुधारणा केली. एवढी वर्षे सरकारी यंत्रणेला या एका आकड्यावर लक्ष ठेवावे लागते, यावरून त्यात किती लवचीकता आहे याची कल्पना यावी.

शक्तीचा आकडा वाचताना चार अटी तपासाव्यात. पहिली, तो किती ओहमच्या स्पीकरसाठी आहे? ८ ओहमवरील आकडा अधिक कसोटीचा असतो. ६ किंवा ४ ओहमवर तोच रिसीव्हर मोठा आकडा दाखवू शकतो. दुसरी, तो कोणत्या वारंवारितेवर मोजला? मनुष्याला साधारणपणे २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या टप्प्यातील ध्वनी ऐकू येतात. या संपूर्ण टप्प्यासाठी दिलेला आकडा विश्वसनीय. केवळ १ किलोहर्ट्झवर मोजलेला आकडा सोयीचा. तिसरी, विरूपण किती? ०.०८ टक्के विरूपणाला ८० वॉट आणि १० टक्के विरूपणाला १५० वॉट हे दोन आकडे एकाच यंत्राचे असू शकतात. १० टक्के विरूपण असलेला आवाज कानांना कर्कश वाटतो, तो ऐकण्याजोगा नसतो. चौथी अट, मोजताना किती वाहिन्या चालू होत्या? एक किंवा दोन वाहिन्या चालवून मिळालेला आकडा सात वाहिन्यांच्या वेळी टिकत नाही.

शेवटच्या मुद्द्याची परीक्षा ग्राहक स्वतः करू शकतो. रिसीव्हरच्या पाठीमागच्या पट्टीवर तो किती वीज घेतो, हे वॉटमध्ये लिहिलेले असते. 'प्रत्येकी १०० वॉट, सात वाहिन्या' असा दावा आणि पट्टीवर ५०० वॉट असे लिहिलेले असेल, तर सातही वाहिन्या एकाच वेळी १०० वॉट देणार नाहीत, हे उघड आहे; कारण घेतली त्याहून अधिक शक्ती कोणतेही यंत्र सतत देऊ शकत नाही आणि घेतलेल्या शक्तीचा मोठा वाटा उष्णतेत जातो. चित्रपटात सर्व वाहिन्या एकाच क्षणी टिपेला जात नसल्याने रोजच्या वापरात याने अडत नाही. दोन रिसीव्हरची तुलना मात्र समान अटींवरच व्हावी.

खरोखर किती वॉट लागतात?

कानांचे गणित सरळ नसते. शक्ती दुप्पट केली की ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज सुमारे दुप्पट मोठा वाटण्यासाठी १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. या हिशेबाने ८० आणि १०० वॉटच्या रिसीव्हरमध्ये फरक सुमारे १ डेसिबलचा; तो बहुतेकांना जाणवणारही नाही. त्यासाठी वरच्या श्रेणीचे यंत्र घेणे व्यर्थ होय.

उलट स्पीकरची संवेदनक्षमता फार महत्त्वाची. हा आकडा स्पीकरच्या माहितीपत्रकात डेसिबलमध्ये दिलेला असतो. १ वॉट शक्ती दिल्यावर १ मीटर अंतरावर किती आवाज मिळतो, ते त्यावरून कळते. ८७ डेसिबलचा स्पीकर सोडून ९० डेसिबलचा घेतला, तर अॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याचाच परिणाम मिळतो. ८७ डेसिबलचे दोन स्पीकर प्रत्येकी १ वॉटवर चालवले, तर तीन मीटरवर बसलेल्या श्रोत्याला सुमारे ८० डेसिबल आवाज मिळतो. नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे घरगुती ऐकणे बहुतांशी एका वॉटच्या आतबाहेरच चालते. मग मोठ्या शक्तीची गरज कशासाठी? तबल्याची थाप, ताशांचा गजर किंवा चित्रपटातील स्फोट यांसारख्या क्षणिक उसळीसाठी. सरासरीपेक्षा २० डेसिबलने वर जाणाऱ्या उसळीला १०० पट शक्ती लागते. ती नसेल तर ध्वनिलहरींची शिखरे छाटली जातात आणि आवाज फाटतो. अशा फाटलेल्या आवाजाने स्पीकरमधील नाजूक ट्वीटरही जळू शकतो. मध्यम आकाराच्या शहरी दिवाणखान्यात नेहमीच्या संवेदनक्षमतेच्या स्पीकरसाठी ८ ओहमवर, दोन वाहिन्या चालू असताना, खऱ्या ६० ते १०० वॉटचा रिसीव्हर पुरेसा होतो.

ओहमची जुळणी

स्पीकरवर ४, ६ किंवा ८ ओहम असे लिहिलेले असते. ओहम जितके कमी, तितका अधिक विद्युतप्रवाह स्पीकर ओढतो आणि तितका रिसीव्हर तापतो. रिसीव्हर किमान किती ओहमसाठी योग्य आहे, हे पाठीमागे स्पीकरच्या खिट्ट्यांजवळ छापलेले असते. ते वाचूनच स्पीकर घ्यावेत. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच खिट्टीवर समांतर जोडले, तर रिसीव्हरला ते ४ ओहमचे भासतात. शेजारच्या खोलीसाठी आणखी एक जोडी लावू पाहणाऱ्यांनी हे विसरू नये. काही रिसीव्हरवर ओहम निवडण्याची सोय असते. कमी ओहमची निवड केल्यास आतील विद्युतदाब घटतो आणि उष्णता आटोक्यात राहते. शक्ती मात्र त्यामुळे वाढत नाही, उलट कमी होते.

पाच, सात की नऊ वाहिन्या?

५.१ या संख्येतील पाच म्हणजे समोरचे डावा, मधला व उजवा आणि बाजूचे दोन असे पाच स्पीकर. 'पॉइंट एक' म्हणजे खर्जाच्या ध्वनींसाठीचा सबवूफर. ७.१ मध्ये पाठीमागे आणखी दोन स्पीकर येतात. ५.१.२ मधील शेवटचा आकडा छतावरील किंवा छताच्या दिशेने ध्वनी सोडणाऱ्या स्पीकरचा असतो. डॉल्बी अॅटमॉस ही प्रणाली २०१२ मध्ये 'ब्रेव्ह' या चित्रपटाबरोबर चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरगुती उपकरणांत आली. तिच्यामुळे हा तिसरा आकडा प्रचलित झाला. २०१५ मध्ये आलेली डीटीएस-एक्स ही तिच्याच धर्तीची प्रणाली होय.

अधिक वाहिन्या म्हणजे अधिक चांगला आवाज, हा समज मात्र चुकीचा आहे. मान्यताप्राप्त मांडणीत समोरचे डावे-उजवे स्पीकर श्रोत्याच्या मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि बाजूचे स्पीकर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे असतात. शहरातील बहुतेक सदनिकांत सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तेथे ७.१ मधील मागच्या दोन स्पीकरना जागाच उरत नाही. अशा दिवाणखान्यात नीट बसवलेली ५.१ रचना ही कोंबून बसवलेल्या ७.१ पेक्षा सरस ठरते. छतावरून परावर्तन घडवणारे स्पीकर घ्यायचे, तर छत सपाट, टणक आणि साधारण साडेसात ते बारा फूट उंचीचे हवे. ध्वनी शोषणारे किंवा नक्षीच्या खाचा असलेले कृत्रिम छत असेल, तर त्यांचा उपयोग होत नाही.

ज्या घरात मुख्य तक्रार संवाद न कळण्याची आहे, तेथे मधला स्पीकर सर्वांत मोलाचा. चित्रपट आणि मालिकांतील बहुतेक संवाद त्याच वाहिनीवर असतात. एव्ही रिसीव्हरवर केवळ त्या वाहिनीची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवता येते. बाकीचा गोंगाट तेवढाच राहतो आणि बोलणे पुढे येते. ऐकण्याची शक्ती कमी झालेल्या आईवडिलांसाठी सात वाहिन्यांपेक्षा ही एक सोय अधिक उपकारक ठरते. बाजूच्या स्पीकरसाठी वायर ओढणे शक्य नसेल, तर समोरचे तीन स्पीकर आणि सबवूफर एवढ्यावरही उत्तम प्रारंभ करता येतो. रिसीव्हर मात्र ५.१ चा घ्यावा, म्हणजे पुढे वाढ करता येते.

जोडण्या आणि कालबाह्यता

स्पीकर वीस वर्षे टिकतात. रिसीव्हर त्याआधीच जुना होतो. तो बिघडतो म्हणून नव्हे, तर जोडण्यांचे मानक बदलते म्हणून. एचडीएमआय जोडणी २००२ च्या अखेरीस जाहीर झाली. २००६ मध्ये ब्ल्यू-रे डिस्क आली आणि तिच्याबरोबर डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे अधिक तपशीलवार ध्वनिप्रकार आले. त्याच्या वर्ष-दोन वर्षे आधी महागडा रिसीव्हर घेणाऱ्यांना ते उलगडता येईनात. त्यांचे स्पीकर मात्र तेवढेच चांगले राहिले. यावरून एक व्यावहारिक सूत्र निघते: अंदाजपत्रकातील मोठा वाटा स्पीकर व सबवूफरला द्यावा आणि रिसीव्हर गरजेपुरता, पण चालू मानकांचा घ्यावा.

आज रिसीव्हरवर 'ई-आर्क' ही सोय असणे आवश्यक मानावे. 'आर्क' म्हणजे दूरचित्रवाणी संचातील ध्वनी त्याच एचडीएमआय वायरने उलट दिशेने रिसीव्हरकडे आणण्याची सोय. ती २००९ मध्ये आली. ई-आर्क ही तिची २०१७ ची सुधारित आवृत्ती. साध्या आर्कमधून डॉल्बी डिजिटल प्लस या रूपातील अॅटमॉस येऊ शकतो आणि इंटरनेटवरील चित्रपट बहुधा याच रूपात येतात. डिस्कवरील ट्रूएचडीसाठी मात्र ई-आर्क लागतो. दूरचित्रवाणी संचाच्या सर्व खाचांवर ही सोय नसते. बहुधा एकाच खाचेजवळ तसे लिहिलेले असते. काही संच डीटीएस ध्वनी पुढे पाठवत नाहीत, हेही आधी पाहून घ्यावे.

'८के' किंवा '४के १२० हर्ट्झ' ही चिन्हे पाहून भुलण्याचे कारण नाही. मालिका, बातम्या आणि चित्रपट यांसाठी ४के ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट क्षमतेची जोडणी पुरते. घरात नवीन पिढीचे खेळयंत्र असेल, तरच पुढील क्षमतेचा विचार करावा. तेव्हाही पहिल्याच वर्षाचे मॉडेल घेण्याची घाई नको. २०२० मध्ये या मानकाच्या पहिल्या तुकडीतील काही रिसीव्हरमध्ये चिपच्या दोषामुळे विशिष्ट खेळयंत्रातील ४के १२० हर्ट्झचे चित्र पुढे जात नव्हते. रिसीव्हरवर खाचा कमी असतील, तर सर्व स्रोत थेट दूरचित्रवाणी संचाला जोडून केवळ ध्वनी ई-आर्कने रिसीव्हरकडे आणता येतो. रिसीव्हरच्या व्हिडिओ क्षमतेचा प्रश्न तेथेच मिटतो.

खोली हाही संचाचाच भाग

संगमरवरी किंवा टाइल्सची फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत कोणतेही यंत्र आपला खरा आवाज देऊ शकत नाही. ध्वनी सगळीकडून परततो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट आणि गादीचा सोफा यांनी जो फरक पडतो, तो कित्येकदा नव्या रिसीव्हरनेही पडत नाही. खर्जाचे मात्र वेगळे आहे. ढोबळमानाने २०० हर्ट्झच्या खाली खोलीचीच सत्ता चालते. एका जागी खर्ज घुमतो, तर दोन फुटांवर तो नाहीसा होतो.

यासाठी रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो श्रोत्याच्या जागी ठेवला की रिसीव्हर चाचणीचे ध्वनी सोडून स्पीकरचे अंतर, पातळी आणि खोलीचा परिणाम मोजतो व दुरुस्ती करतो. ऑडिसी, डिराक, यामाहाची वायपाओ ही अशा प्रणालींची नावे. स्वस्त मॉडेलमधील प्रणाली बहुधा साधी असते आणि वरच्या मॉडेलमधील खर्जाची दुरुस्तीही करते. दोन मॉडेलमधून निवडायचे झाल्यास २० वॉट अधिक देणाऱ्यापेक्षा चांगली दुरुस्ती-प्रणाली असलेले मॉडेल निवडावे. मापन करताना छताचा पंखा आणि वातानुकूलन यंत्र बंद असावे, खिडक्या लावलेल्या असाव्यात आणि मायक्रोफोन कानांच्या उंचीवर तिपाईवर ठेवावा. तो हातात धरू नये. मापनानंतर समोरचे स्पीकर लहान असतील, तर त्यांचा ८० हर्ट्झच्या खालचा ध्वनी सबवूफरकडे वळवलेला आहे का, हे मेन्यूमध्ये पाहावे.

शेजारधर्माचा विचारही येथेच करावा. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खर्जाचे ध्वनी भिंती आणि स्लॅबमधून सहज पलीकडे जातात. रात्री उशिरा चित्रपट पाहणाऱ्यांनी रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' किंवा 'डायनॅमिक रेंज' कमी करण्याची सोय आहे ना, हे अवश्य पाहावे. त्यामुळे मोठे आवाज दबतात आणि हळू संवाद वर येतात. सबवूफरखाली जाड फोम किंवा रबराचे पाय दिले, तर खालच्या मजल्याची तक्रारही कमी होते.

संगीतप्रेमींसाठी

ज्यांचे ऐकणे मुख्यतः शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत किंवा भावगीते यांचे आहे, त्यांनी बहुवाहिनी रिसीव्हरच्या मागे लागण्याचे कारण नाही. हे ध्वनिमुद्रण दोन, आणि जुने असल्यास एकाच वाहिनीचे असते. त्याच किमतीत दोन वाहिन्यांचा रिसीव्हर घेतल्यास खर्च दोन चांगल्या अॅम्प्लिफायरवर होतो, सात साधारण अॅम्प्लिफायरवर नव्हे. एव्ही रिसीव्हरच घ्यायचा असेल, तर त्यावर 'डायरेक्ट' किंवा 'स्टिरिओ' ही कळ आणि पुढे स्वतंत्र पॉवर अॅम्प्लिफायर जोडता येण्यासाठी 'प्री-आउट' खाचा असाव्यात.

घरात जुन्या एलपी रेकॉर्ड जपून ठेवलेल्यांनी 'फोनो' खाच आहे का, हे पाहावे. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या पिनेतून निघणारा विद्युतसंदेश अवघा तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो, तर सीडी प्लेअरचा सुमारे दोन व्होल्टचा. शिवाय रेकॉर्ड कोरताना खर्ज कमी आणि तीव्र स्वर अधिक केलेले असतात. ते पूर्ववत करण्याचे काम फोनो विभाग १९५० च्या दशकात सर्वमान्य झालेल्या 'आरआयएए' मानकाप्रमाणे करतो. साध्या खाचेत अशी तबकडी जोडली, तर आवाज क्षीण आणि किनरा येतो. जुन्या पेटीवजा रेकॉर्ड प्लेअरमध्ये सिरॅमिक पिन असेल, तर तिला मात्र फोनो खाच लागत नाही.

परदेशातून आणलेला रिसीव्हर

अमेरिकेत राहणारे नातलग येताना रिसीव्हर घेऊन येतात, किंवा परतताना आपला जुना संच सोबत आणतात. तेथील वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. पाठीमागच्या पट्टीवर केवळ १२० व्होल्ट लिहिलेले असेल आणि यंत्र थेट येथील भिंतीवरच्या खाचेत लावले, तर ते क्षणात निकामी होते. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरल्यास तो पट्टीवरील वॉटपेक्षा बऱ्यापैकी अधिक क्षमतेचा हवा. तो जड असतो, गुणगुणतो आणि त्याचा खर्च वेगळा. अमेरिकेतील एफएम केंद्रांचे आकडे ८८.१, ८८.३ असे विषम दशांशावर असतात. केवळ त्या टप्प्यांनी सरकणाऱ्या ट्यूनरवर १०१.० सारखी केंद्रे नीट लागत नाहीत. तेथील हमी येथे बहुधा लागू होत नाही, हे तर वेगळेच. स्वस्त वाटलेला संच शेवटी महाग पडण्याची ही कारणे आहेत.

भारतात खरेदी करतानाही अधिकृत विक्रेत्याचे बिल, हमीपत्रावरील शिक्का आणि आपल्या शहरातील सेवाकेंद्र या तीन गोष्टी पाहाव्यात. या उद्योगात कंपन्यांचे मालक वरचेवर बदलतात. जपानच्या ओंकियो कंपनीचे दिवाळे २०२२ मध्ये निघाले आणि तिचे नाव अन्य कंपन्यांकडे गेले. डेनॉन आणि मरांट्झ ही नावे २०२५ मध्ये हरमनकडे आली. नाव प्रसिद्ध असले, तरी सुटे भाग येथे मिळतील का, हा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

दुकानात कसे ऐकावे?

स्वतःच्या परिचयाचे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. त्यात मानवी आवाज, तानपुरा आणि डग्ग्याचा घुमारा असावा. तानपुऱ्याच्या तारांची गुंजन-सातत्यता आणि डग्ग्याची मींड स्पष्ट येते का, हे सरावलेला कान चटकन ओळखतो. चित्रपटाची चाचणी विक्रेत्याच्या स्फोटांच्या दृश्याने नव्हे, तर पावसात किंवा गर्दीत चाललेल्या संभाषणाने करावी. दोन रिसीव्हरची तुलना करताना स्पीकर तेच आणि आवाजाची पातळी समान हवी. एक डेसिबलने मोठा असलेला आवाजही 'अधिक चांगला' भासतो आणि विक्रीच्या दालनात हा भास नेहमीच उपयोगी पडतो. शक्य असल्यास घरी चाचणी देण्याची विनंती करावी. कारण दुकानाची खोली घरी नेता येत नाही.

घरी आल्यावर

रिसीव्हर तापतो. त्याला बंद काचेच्या शोकेसमध्ये ठेवू नये. वर आणि बाजूंना चार-सहा इंच मोकळी जागा सोडावी आणि त्याच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नये. उबेला झुरळे, मुंग्या आणि पाली येतात. त्यांच्यामुळे आतील पट्ट्यांवर शॉर्टसर्किट झाल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांना नवी नाहीत. म्हणून मागची जागा वेळोवेळी झाडून घ्यावी. स्पीकरसाठी महागड्या नावाच्या वायरची गरज नाही. ८ ओहमच्या स्पीकरला दहा मीटरपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची लवचीक वायर पुरते. अंतर अधिक किंवा ओहम कमी असल्यास २.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. तांबडी खिट्टी तांबडीला, काळी काळीलाच जोडावी. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर खर्ज हरवतो.

जोडणीनंतर सतत 'हूं' असा घरघराट ऐकू आला, तर केबल वाहिनीची वायर काही क्षण काढून पाहावी. घरघर थांबली, तर दोष अर्थिंगच्या दोन वाटांमुळे निर्माण झालेल्या फेऱ्याचा आहे. त्यासाठी केबलवर लावायचे आयसोलेटर मिळतात. प्लगची अर्थिंगची पिन कापणे हा मात्र उपाय नव्हे. त्यात जिवाला धोका आहे. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की विजेच्या प्लगबरोबर डिशची वायरही काढून ठेवावी.

खरेदीपूर्वी ग्राहकाने एका कागदावर खोलीची लांबी-रुंदी, बसण्याची जागा, जोडावयाच्या उपकरणांची यादी, स्पीकरचे ओहम व संवेदनक्षमता आणि घरात सर्वाधिक काय ऐकले जाते, एवढे लिहून काढावे. या पाच ओळी हाती असल्या, की खोक्यावरील निम्मी चिन्हे आपोआप गैरलागू ठरतात आणि विक्रेत्याशी होणारे बोलणेही मुद्द्याचे होते. निवड झाल्यावर मायक्रोफोन लावून मापन करण्यासाठी अर्धा तास राखून ठेवावा. अनेक घरांत हा मायक्रोफोन खोक्यातून बाहेरच निघत नाही आणि पैसे मोजून घेतलेली सर्वांत उपयुक्त सोय माळ्यावर जाऊन पडते.